शब्दांची रात्रीची खतावणी
(वासंतिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परीक्षेच्या आदल्या रात्रीचे दृश्य महाराष्ट्रातील बहुतेक घरांत सारखेच असते. बारा वाजून गेलेले असतात. मूल पुस्तकापुढे पेंगत असते, आई चहाचा कप आणून ठेवते आणि वडील म्हणतात, ''आणखी एक धडा होऊ दे. झोप काय, पेपर झाल्यावर काढता येईल.'' या तिघांच्याही हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. सर्वांची धडपड चाललेली असते ती विद्येसाठीच. परंतु या धडपडीच्या मुळाशी एक समजूत दडलेली आहे. शिकणे जागेपणी होते आणि झोप म्हणजे शिकण्यातून वजा झालेला वेळ, अशी ती समजूत. ती कितपत खरी आहे?

गेल्या शंभर वर्षांत ही समजूत शास्त्रज्ञांनी अनेक प्रकारे तपासून पाहिली. तिची सर्वांत सूक्ष्म परीक्षा झाली ती मात्र एका अगदी साध्या प्रश्नावर. कानावर पडलेला नवा शब्द माणसाचा स्वतःचा केव्हा होतो? ऐकला त्या क्षणी, घोकला तेव्हा, की आणखी केव्हा? आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

राखणदार की कामकरी?

स्मृतीचे मोजमाप करण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने केला. त्याचा ग्रंथ १८८५ साली प्रसिद्ध झाला. अर्थहीन अक्षरगट स्वतः पाठ करून ते किती काळात विसरले जातात, हे त्याने चिकाटीने नोंदविले. पहिल्या काही तासांत विस्मरण झपाट्याने होते आणि नंतर त्याचा वेग मंदावतो, हा त्याचा निष्कर्ष आजही शिकविला जातो.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलनबाख या दोघांनी १९२४ साली या प्रयोगात झोपेची भर घातली. दोन विद्यार्थ्यांना असेच अक्षरगट पाठ करायला दिले. कधी पाठांतरानंतर त्यांना झोपू दिले, तर कधी दिवसभराचे व्यवहार करू दिले आणि एक, दोन, चार व आठ तासांनी त्यांची परीक्षा घेतली. आठ तासांच्या झोपेनंतर साधारण निम्मे अक्षरगट आठवत होते. तेवढेच तास जागेपणी गेले, तर दहांतील जेमतेम एखादा उरत होता. वेळ तोच, माणूस तोच, फरक केवळ झोपेचा.

त्या काळी याचा अर्थ असा लावला गेला की, झोपेत नवे काही डोक्यात शिरत नाही, म्हणून जुने टिकते. म्हणजे झोप ही राखणदार. दाराशी बसून ती बाहेरच्यांना अडविते, स्वतः मात्र काही करीत नाही. हे स्पष्टीकरण अनेक वर्षे पुरेसे वाटले. परंतु झोपेत मेंदू नुसता पहारा देतो की आत काही काम करतो, हे त्यावरून ठरत नव्हते. ते ठरविण्यासाठी आणखी नाजूक कसोटी हवी होती. ती भाषेच्या अभ्यासातून मिळाली.

महाविद्यालय आणि महावितरण

ही कसोटी समजण्यासाठी आपण शब्द ऐकतो कसा, हे आधी पाहायला हवे. बोललेला शब्द कानावर एकदम पडत नाही, तो एकेका ध्वनीने उलगडत जातो. 'महा' एवढे ऐकताच श्रोत्याच्या मनात महाराज, महापौर, महाराष्ट्र, महाविद्यालय असे कितीतरी शब्द एकदम उभे राहतात. 'महावि' ऐकले की बाकीचे खाली बसतात आणि महाविद्यालयासारखे थोडेच उरतात. पुढील ध्वनी येताच एकाची निवड होते. हे सारे क्षणार्धात घडते आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता २००५ साल आठवावे. राज्याच्या वीज मंडळाचे विभाजन झाले आणि 'महावितरण' हा शब्द मराठी माणसाच्या कानावर पडू लागला. तो शब्द रुळल्यावर 'महावि' ऐकताच मनात आणखी एक उमेदवार उभा राहू लागला. म्हणजे नवा शब्द खरोखर आपला झाला, याची खूण केवळ तो आठवणे ही नव्हे. तो जुन्या शब्दांच्या पंक्तीत बसून त्यांच्याशी चढाओढ करू लागला, ही खरी खूण.

इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठातील गॅरेथ गॅस्केल यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी हीच खूण मोजायची ठरविले. त्यांनी इंग्रजी शब्दांना जवळचे असे कृत्रिम शब्द रचले. 'कॅथिड्रल', म्हणजे मोठे चर्च, हा इंग्रजांच्या नित्य परिचयाचा शब्द. त्याच्या शेजारी त्यांनी 'कॅथिड्रूक' हा निरर्थक शब्द बसविला. स्वयंसेवकांना असे शब्द पुन्हा पुन्हा ऐकविले आणि नंतर 'कॅथिड्रल' ओळखताना त्यांना किंचित विलंब होतो का, हे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजले. विलंब झाला, तर नवा शब्द पंक्तीत येऊन बसला असे समजायचे.

निकोलस द्युमे आणि गॅस्केल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या मालिकेतील कळीचा ठरला. एका गटाला हे शब्द सकाळी आठ वाजता शिकविले, दुसऱ्याला रात्री आठ वाजता. दोन्ही गटांची परीक्षा तीन वेळा झाली. शिकविल्यावर लगेच, बारा तासांनी आणि चोवीस तासांनी. शिकविल्यावर लगेच दोन्ही गटांना शब्द चांगले ओळखता येत होते, परंतु चढाओढीची खूण कोणातही दिसली नाही. बारा तासांनंतर मात्र दोहोंत फरक पडला. रात्री शिकलेले लोक झोपून उठले होते. त्यांच्या मनात 'कॅथिड्रूक' आता 'कॅथिड्रल'शी झगडू लागला होता. सकाळी शिकलेल्यांचा संपूर्ण दिवस गेला होता, पण रात्र यायची होती. त्यांच्यात ही खूण नव्हती. चोवीस तासांनंतर तेही एक झोप घेऊन आले आणि त्यांच्यातही ती प्रकट झाली. झोपेनंतर हे शब्द स्वतःहून आठवून सांगणेही सुधारले होते.

या निकालाचे महत्त्व नीट ध्यानात घ्यायला हवे. झोप केवळ राखणदार असती, तर शिकलेला शब्द आहे तसा राहिला असता. येथे तो आहे तसा राहिला नाही, तो बदलला. काल जो पाहुणा म्हणून ओसरीवर बसला होता, तो सकाळी घरातील माणूस झाला.

कीर्द आणि खतावणी

मेंदूला असे दोन टप्पे कशासाठी लागतात? जुन्या पेढ्यांचा हिशेब ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चटकन उमगेल. दिवसभर गिऱ्हाइकांची वर्दळ असते. त्या गडबडीत प्रत्येक व्यवहार घडेल तसा कीर्दीत उतरवून ठेवतात. दुकान बंद झाल्यावर मुनीमजी शांतपणे बसतात आणि कीर्दीतील एकेक नोंद खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवितात. गिऱ्हाइके समोर उभी असताना खतावणी करू गेले, तर जुन्या खात्यांतही घोटाळा व्हायचा.

मेंदूची व्यवस्था बरीचशी अशीच आहे, असे १९९५ साली जेम्स मॅक्लेलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. मेंदूच्या आतील बाजूस हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून हे नाव. हा भाग झटपट नोंद करतो. ती मेंदूची कीर्द. आयुष्यभराचे शब्द, त्यांचे अर्थ आणि परस्परसंबंध साठविणारे मेंदूचे बाह्यपटल ही खतावणी. ती सावकाश शिकते आणि तसे असणेच हिताचे आहे. प्रत्येक नवी गोष्ट तिच्यात तत्काळ कोरली गेली, तर जुने ज्ञान विस्कटेल.

कीर्दच नाहीशी झाली तर काय होते, हे हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णाच्या आयुष्यातून जगाला कळले. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ साली त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढावा लागला. त्याची बुद्धी शाबूत राहिली, जुनी शब्दसंपत्तीही राहिली. परंतु त्यानंतर इंग्रजी भाषेत आलेले नवे शब्द त्याला जवळजवळ आत्मसात करता आले नाहीत. २००८ साली त्याचे निधन झाले. त्याच्यापुरती भाषा १९५३ सालीच थांबली होती.

मुनीमजी रात्री काम करतात, याचा पुरावा आधी उंदरांत सापडला. मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅक्नॉटन यांनी १९९४ साली दाखवून दिले की, उंदीर धावत असताना हिप्पोकॅम्पसमधील ज्या पेशी एकत्र चेततात, त्याच पेशी त्यानंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र चेततात. जणू दिवसाची उजळणी चाललेली असते. माणसांच्या बाबतीत केंब्रिज येथे मॅथ्यू डेव्हिस, गॅस्केल आणि सहकाऱ्यांनी २००९ साली मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. आदल्या दिवशी शिकलेले शब्द ऐकताना बाह्यपटलाचा प्रतिसाद नेहमीच्या शब्दांसारखा होता. त्याच दिवशी शिकलेल्या शब्दांबाबत तसे आढळले नाही.

पुढच्याच वर्षी याक्के टॅमिनेन, गॅस्केल आणि सहकाऱ्यांनी झोपलेल्या स्वयंसेवकांच्या मेंदूचे विद्युत्आलेख तपासले. गाढ नसलेल्या झोपेत मेंदूत मधूनमधून लहरींचा एक जलद झुबका उठतो. सेकंदाला अकरा ते पंधरा आंदोलने, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता. चरख्याच्या चातीसारखा दिसतो म्हणून इंग्रजीत त्याला 'स्पिंडल' म्हणतात. ज्यांच्या झोपेत या चात्या अधिक होत्या, त्यांच्या मनात नवे शब्द जुन्यांशी अधिक चांगले गुंफले गेले होते. सूत कातणाऱ्या उपकरणाचे नाव या लहरींना केवळ आकारावरून मिळाले, परंतु ते कामालाही शोभून दिसते.

बालकांची झोप

प्रौढ माणूस दिवसाकाठी किती नवे शब्द शिकतो? फारच थोडे. मूल मात्र रोज शब्दांच्या पावसात उभे असते. म्हणून या संशोधनाचा खरा संबंध पोहोचतो तो लहान मुलांपर्यंत.

यॉर्कमध्येच लिसा हेंडरसन यांनी सहकाऱ्यांसह सात ते बारा वर्षांच्या मुलांवर हाच प्रयोग केला. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांतही तेच दिसले. चढाओढीची खूण झोपेनंतरच उमटली आणि शब्द आठवणेही झोपेनंतर सुधारले. जर्मनीतील संशोधकांनी २०१५ साली नऊ ते सोळा महिन्यांच्या तान्ह्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही वस्तूंची नावे ऐकविल्यानंतर ज्या बाळांनी झोप काढली, त्यांना त्याच जातीच्या नव्या वस्तूलाही ते नाव लावता येत असल्याचे मेंदूच्या आलेखांत दिसले. जागी राहिलेली बाळे ते करू शकली नाहीत. एका मांजराचे नाव ऐकून सर्व मांजरांना ओळखणे ही भाषेची पहिली पायरी. ती चढायला दुपारची झोप हातभार लावते.

इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठात सोफी विल्यम्स आणि जेसिका हॉर्स्ट यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तर आपल्याकडील प्रत्येक आजीने ऐकावा असा आहे. तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द असलेल्या गोष्टी वाचून दाखविल्या. काहींना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, काहींना निरनिराळ्या. त्यानंतर काही मुले झोपली, काही जागी राहिली. आठवड्यानंतरही झोपलेल्या मुलांची शब्दांवरील पकड चांगली होती. निरनिराळ्या गोष्टी ऐकून जागी राहिलेली मुले मागे पडली आणि पुढील दिवसांतही ती उणीव भरून काढू शकली नाहीत. 'तीच गोष्ट पुन्हा सांग' असा नातवाचा हट्ट हा केवळ लाड नव्हे, ती त्याची अभ्यासाची पद्धत आहे.

मर्यादा

एवढे ऐकल्यावर उत्साहाच्या भरात भलते निष्कर्ष काढू नयेत. झोपेत ध्वनिफीत लावून भाषा शिका, अशा जाहिराती एके काळी पाश्चात्त्य देशांत जोरात होत्या. सायमन आणि एमन्स या संशोधकांनी १९५६ साली विद्युत्आलेखांच्या साह्याने खात्री केली की, माणूस खरोखर झोपलेला असेल तर असे पाठांतर होत नाही. अलीकडे, २०१५ साली, स्वित्झर्लंडमधील श्रायनर आणि राश यांना असे आढळले की, जागेपणी शिकलेले परभाषेतील शब्द झोपेत हळूच ऐकविले तर ते अधिक टिकतात. पण ते आधी जागेपणीच शिकलेले होते. कीर्दीत नोंदच नसेल, तर मुनीमजी खतावणीत काय चढविणार? तेव्हा झोप अभ्यासाची जागा घेत नाही, अभ्यास पुरा करते.

शिवाय, झोपेवाचून शब्द कधीच रुजत नाही, असेही म्हणता येत नाही. यॉर्कमधील संशोधकांनीच २०१३ साली दाखविले की, दिवसभरात अंतराअंतराने सराव घेतला, तर चढाओढीची खूण त्याच दिवशीही दिसू शकते. आपल्याच निष्कर्षाला मुरड घालण्याचा हा प्रांजळपणा अनुकरणीय आहे.

घराकडे वळताना

या साऱ्यातून आपल्या कुटुंबांनी काय घ्यावे? मराठी घरांत एके काळी दिवेलागणीला परवचा होत असे. श्लोक, पाढे, मग जेवण, आजीची गोष्ट आणि झोप. वेदपाठशाळेत गुरुजी आदल्या दिवशीची संथा म्हणवून घेत आणि मगच नवी देत. कानाने शिकणे, मध्ये एक रात्र जाऊ देणे आणि सकाळी उजळणी करणे, हा तो क्रम होता. पूर्वजांना मेंदूतील लहरी ठाऊक होत्या, असा दावा करण्याची गरज नाही. तसे करणे हा विज्ञानाचाही अपमान आणि परंपरेचाही. परंतु पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवातून घडलेली रीत आजच्या संशोधनाशी जुळते, हे मोकळेपणाने मान्य करायलाही संकोच नको.

फ्रान्समधील लियाँ येथील संशोधकांनी २०१६ साली फ्रेंच भाषकांना स्वाहिली शब्द शिकविले. रात्री शिकून, झोपून, सकाळी उजळणी करणाऱ्यांना ते शब्द पुन्हा पक्के करण्यास जवळजवळ निम्मीच आवर्तने लागली आणि सहा महिन्यांनंतरही त्यांचीच आठवण सरस ठरली. १९८१ साली बेंगळुरूमध्ये सुरू झालेल्या संस्कृत संभाषण चळवळीची शिबिरे दहा दिवस, रोज दोन तास, अशी असतात. वीस तासांचा हा अभ्यास दोन दिवसांत उरकता आला असता. पण मग मधल्या नऊ रात्रींपैकी आठ गमावल्या असत्या.

हीच गोष्ट संपूर्ण भाषेची. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'महापौर'सारखे शब्द घडविले, तेव्हा त्यांची थट्टा करणारे कमी नव्हते. आज तो शब्द कोणी घडविला, हेही बोलणाऱ्याला आठवत नाही. नवा शब्द कोशात छापल्याने भाषेत येत नाही. तो लोकांच्या कानावर पडावा लागतो आणि असंख्य मनांत रात्रीचा मुक्काम करून तेथील जुन्या शब्दांशी नाते जोडावे लागते. म्हणून मातृभाषेची काळजी वाहणाऱ्यांनी मुलांच्या कानांची आणि झोपेची, दोन्हींची काळजी वाहिली पाहिजे.

आज नेमके तेथेच दुखणे आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली सांगितले. आपल्याकडे रात्री अकरापर्यंत दूरदर्शन संच आणि भ्रमणध्वनी चालू, आणि सकाळी सहाला दाराशी शाळेची गाडी. या दोहोंच्या मध्ये नऊ तास बसत नाहीत. राज्य शासनाने २०२४ साली पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय घेतला, तेव्हा मुलांची अपुरी झोप हेच कारण त्यामागे होते. पण शासन शाळेची घंटा पुढे ढकलू शकते, घरातील दिवा मालवू शकत नाही. ते काम आई-वडिलांचेच आहे. लवकर उठण्याचा उपदेश प्रत्येक घरात होतो. त्याच उपदेशाचा पहिला अर्धा भाग लवकर निजण्याचा आहे, याचा मात्र मोठ्यांनाच विसर पडला आहे.

पतंजलींनी योगसूत्रांत चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या. त्यांत निद्रा आणि स्मृती शेजारी शेजारी येतात. निद्रेला त्यांनी मनाचा अभाव मानले नाही, वृत्तीच मानले. देवीमाहात्म्यातही जगदंबेला निद्रारूपाने नमस्कार आहे आणि स्मृतिरूपानेही. त्या ग्रंथांचे प्रयोजन वेगळे आहे, त्यांत प्रयोगशाळा शोधू नये. पण झोपेकडे आदराने पाहण्याची दृष्टी त्यांतून निश्चित मिळते.

परीक्षेच्या त्या रात्री, पेंगणाऱ्या मुलासमोर चहाचा कप ठेवण्याऐवजी आईने पुस्तक मिटावे आणि दिवा मालवावा. दिवसभराची कीर्द लिहून झालेली आहे. आता मुनीमजींना त्यांचे काम करू द्यावे.